समावेशक अध्यापनासाठी अनुदान: पैसा कुठे असतो, कसा मागायचा आणि हिशेब कसा ठेवायचा

'समावेशक अध्यापन' या नावाची अनुदान योजना शोधायला बसलात तर दिवस फुकट जाईल. ब्रिटन-अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत असे छोटे निधी असतात. प्राध्यापकाने अर्ज करायचा, शिकवण्यात बदल करायचा, अहवाल द्यायचा. आपल्याकडे तोच पैसा निरनिराळ्या खिशांत पडून असतो: दिव्यांगांसाठीच्या योजना, मुलींचे शिक्षण, मागास जिल्ह्यांचा विकास, सामाजिक शास्त्रांतले संशोधन, विद्यापीठाचा स्वतःचा निधी आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावर खर्चायचा निधी. काम एकच असले तरी प्रत्येक खिशाची भाषा वेगळी, कागद वेगळे, आणि वर्षातली मागायची वेळही वेगळी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. समावेशाच्या नावाने येणारा पैसा आपल्याकडे वस्तूंवर जातो. रॅम्प होतो, दहा संगणक येतात, डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला नोंद पडते, फीत कापली जाते. वर्गात शिकवणे मात्र होते तसेच राहते. शिकवण्यात बदल व्हायचा तर कुणीतरी तासन्‌तास बसून नोट्स नव्याने लिहायला लागतात, जादा तास घ्यायला लागतात, चाचणीचे स्वरूप बदलायला लागते. म्हणून अर्ज करताना वस्तूंपेक्षा माणसांच्या तासांचे पैसे मागा. ते मिळवणे अवघड असते हे मान्य, पण कसे मिळवायचे तेच पुढे सांगतो आहे. हा लेख महाराष्ट्रातल्या अनुदानित किंवा विनाअनुदानित महाविद्यालयात शिकवणाऱ्यांसाठी आहे.

आधी रजिस्टर उघडा

परिपत्रक हातात आले की आपण थेट अर्जाचा नमुना भरायला घेतो. त्याआधी दोन-तीन आठवडे महाविद्यालयातच घालवा. लागणारी माहिती बहुतेक वेळा कार्यालयात आयती पडलेली असते: प्रवेश नोंदी, हजेरी, अंतर्गत गुण, परीक्षा फॉर्म भरलेले किती आणि प्रत्यक्ष पेपरला बसलेले किती, ग्रंथालयातली देवघेव. एका वर्गाची, एका विषयाची, तीन वर्षांची माहिती काढा आणि मुले नेमकी कुठे गळतात ते पाहा.

बीडसारख्या जिल्ह्यात हे चित्र कॅलेंडरवर दिसते. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऊसतोड कुटुंबातली मुले दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होतात, आणि नेमक्या त्याच सुमारास पहिल्या सत्राच्या अंतर्गत चाचण्या आणि परीक्षा असतात. नंदुरबारमध्ये अडचण निराळी आहे. घरी भिली, पावरी किंवा मावची, शाळा मराठीत, आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एकदम इंग्रजीतले रसायनशास्त्र. दोन्ही ठिकाणी मुले 'कच्ची' आहेत असे म्हणून आपण मोकळे होतो. अनुदान देणाऱ्याला त्या शब्दातून काहीच कळत नाही.

गरज कशी मांडायची याचे दोन नमुने पाहा.

पहिला: "आमचे महाविद्यालय ग्रामीण व दुर्गम भागात असून येथे समाजातील वंचित, उपेक्षित व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर शिक्षण घेत आहेत. त्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सदर प्रकल्प अत्यंत उपयुक्त ठरेल."

दुसरा (आकडे केवळ नमुन्याचे): "प्रथम वर्ष कला शाखेत १८० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ४१ जण दिवाळीनंतर पालकांसोबत ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी त्यांतले २३ जण अंतर्गत चाचणीला बसू शकले नाहीत. सत्रान्त परीक्षा दिलेल्यांपैकी ९ जण केवळ अंतर्गत गुण नसल्यामुळे अनुत्तीर्ण झाले."

पहिल्या नमुन्यावर राज्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाचे नाव टाकले तरी चालते, आणि तपासणाऱ्याच्या टेबलावर तसलेच चाळीस अर्ज असतात. दुसरा वाचताना उपाय काय असेल हे त्याला आपोआप दिसायला लागते: चाचणी वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या रूपात घ्यायची, मोबाइलवर ऐकता येतील असे तास तयार करायचे, परतल्यावर दोन आठवड्यांचा जोडवर्ग ठेवायचा. त्यानंतर खर्च मागणे सोपे जाते.

मुलांशीही बोला, पण प्रश्नावली वाटून नको. पाच-सहा जणांना चहाला बसवून विचारलेत तर 'सर, तारीखच कळत नाही हो तिकडं' हे उत्तर मिळते. प्रश्नावलीवर ते 'समाधानकारक' या चौकटीत जाऊन बसते.

कुठले दार ठोठवायचे

दार निवडण्याआधी प्राचार्यांना एक प्रश्न विचारा: महाविद्यालय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम २(एफ) आणि १२(बी) खाली आहे का? १२(बी) नसेल तर केंद्राच्या बऱ्याच योजना पहिल्याच पानावर बंद होतात. मग थेट विद्यापीठ आणि सीएसआरकडे वळा.

विद्यापीठ हे सर्वांत जवळचे दार, आणि आपण त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतो. विद्यार्थी विकास मंडळाचे उपक्रम, गुणवत्ता सुधारासारख्या योजना, कार्यशाळांसाठीची मदत, विद्यार्थ्यांसाठीची कमवा व शिका योजना यांतली रक्कम लहान असते, पण उत्तर लवकर येते आणि अटी झेपण्यासारख्या असतात. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. लाखभराचे काम नीट पार पाडून त्याचा हिशेब वेळेत दिला की पुढच्या अर्जात 'पूर्वानुभव' या रकान्यात लिहायला खरे काहीतरी असते. परिपत्रके ईमेलने कार्यालयात येतात आणि तिथेच राहतात, त्यामुळे विद्यापीठाचे संकेतस्थळ स्वतः पाहत जा.

केंद्र आणि राज्याच्या संयुक्त योजनांत रूसाची (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, २०१३) जागा २०२३ मध्ये पीएम-उषाने (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान) घेतली. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी तिची एकूण तरतूद सुमारे १२,९२६ कोटी रुपये होती आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी. तिच्यात 'लिंगभाव समावेश व समता' हा स्वतंत्र घटक आहे आणि भर निवडक मागास जिल्ह्यांवर आहे. यात महाविद्यालय स्वतः दिल्लीला अर्ज करत नाही, सगळे राज्यामार्फत जाते. एकटा प्राध्यापक इथे फार काही करू शकत नाही. पण तुमच्या महाविद्यालयाला निधी मंजूर झाला असेल तर आराखड्यात बांधकामाबरोबर अध्यापनाचा घटक शिरवण्यासाठी महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत कुणीतरी तोंड उघडले पाहिजे. पुढच्या टप्प्याच्या अटी निराळ्या असू शकतात, तेव्हा चालू मार्गदर्शक सूचनाच वाचा.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या कामाला कायद्याचा भक्कम आधार आहे, आणि तो अर्जात वापरलाच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. शासकीय आणि शासन-अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखायची तरतूद कलम ३२ मध्ये आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याची गोष्ट कलम १७ मध्ये येते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. या आधारावर अर्ज लिहिला की तो दयेची याचना वाटत नाही. कायद्याने आधीच सांगितलेले काम करायला साधने मागितल्यासारखे ते होते. केंद्राच्या सिपडा योजनेतून (दिव्यांग कायद्याच्या अंमलबजावणीसाठीची योजना) अडथळामुक्त सुविधांसाठी पैसा मिळतो, पण ती मुख्यतः राज्य सरकारे, विद्यापीठे आणि शासकीय स्वायत्त संस्थांसाठी आहे. तिथे विद्यापीठाच्या प्रस्तावात आपला भाग घालून घ्यावा.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (आयसीएसएसआर) संशोधनाला पैसे देते, शिकवण्याला देत नाही. हा फरक विसरला की अर्ज परत येतो. पण 'ऊसतोड कुटुंबातल्या विद्यार्थ्यांसाठी मूल्यमापनाची पर्यायी पद्धत आणि तिचा परिणाम' असा अभ्यास मांडलात तर संशोधनाबरोबर प्रयोगही होतो. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे. तिथल्या चर्चासत्रांना आणि संशोधनपद्धतीच्या अभ्यासवर्गांना जाऊन आलेला माणूस पुढच्या अर्जात वेगळी भाषा बोलतो, हे मी पाहिले आहे.

बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य शासनाच्या संस्थांकडे अध्यापन प्रकल्पासाठी पैसे मागायला जाऊ नका. त्यांचा भर विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्त्या, प्रशिक्षण आणि स्पर्धा परीक्षांची तयारी यांवर आहे. मात्र तुमचे विद्यार्थी त्यांचे लाभार्थी असतील तर तसे अर्जात नोंदवा. एकाच मुलाला दोन ठिकाणांहून तीच गोष्ट दिली जात नाही, एवढे दिसले की पुरते.

जुन्या पीडीएफपासून सावध राहा. गुगलवर शोधले की दिव्यांगांसाठीची 'एचईपीएसएन', उपचारात्मक वर्ग, समान संधी केंद्र, लघु संशोधन प्रकल्प अशा आयोगाच्या योजनांच्या मार्गदर्शिका अजूनही वर येतात. त्यांतल्या बहुतेक बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०१२-१७) काळातल्या आहेत. अर्ज लिहिण्याआधी तारीख पाहा, आणि चालू वर्षाची जाहिरात असल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

सीएसआर: शेजारच्या एमआयडीसीतला पैसा

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या महाविद्यालयांना हे दार खरोखर उघडे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. अनुसूची ७ मध्ये शिक्षण आहे, दिव्यांगांचे विशेष शिक्षण आहे, स्त्री-पुरुष समानता आहे आणि मागास घटकांवरील विषमता कमी करणेही आहे. तुमच्या प्रकल्पाला यांतले नेमके कुठले कलम लागू पडते ते पहिल्याच पानावर लिहा. कंपनीच्या अधिकाऱ्याचे निम्मे काम तुम्ही करून दिलेले असते.

कागद महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने लागतात, महाविद्यालयाच्या नव्हे: प्राप्तिकर सवलतीसाठीची १२ए आणि ८०जी नोंदणी, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा नोंदणी क्रमांक. बऱ्याच शिक्षणसंस्थांनी तो काढलेला असतो पण महाविद्यालयाला ठाऊक नसते. संस्थेच्या मुख्य कार्यालयात एक फोन करा. नसेल तर आत्ताच अर्ज करायला लावा. मुख्य कार्यालयाची सही हा या सगळ्यातला सर्वांत लांबचा प्रवास असतो, त्यामुळे तो सर्वांत आधी सुरू करायचा.

वेळ चुकवू नका. कंपनीचे वर्ष एप्रिलला सुरू होते. पहिल्या तिमाहीत, अर्थसंकल्प ठरत असताना, भेटलात तर तुमचे ऐकून घेतले जाते. जानेवारी-मार्चमध्ये पैसा संपवायची घाई असते. तेव्हा संगणक, वॉटर कूलर आणि सायकली पटकन मिळतात, अध्यापनाचा प्रकल्प मिळत नाही. कोणत्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात कशावर खर्च केला हे मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवर पाहता येते. भेटीला जाण्याआधी ते पाहून जा.

एक तांत्रिक पण पैशाची गोष्ट. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला लागू होते. तरी अर्जदार संस्थेच्या मानधनाला कात्री लावताना हा नियम पुढे केला जातो. मंत्रालयाने २०२१ च्या प्रश्नोत्तरांत हा मुद्दा स्पष्ट केला आहे. त्याची प्रत पिशवीत ठेवा आणि नम्रपणे दाखवा.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस कार्यक्रमात समावेश आणि विविधता हे घोषित प्राधान्य आहे आणि भारतीय संस्था भागीदार होऊ शकतात. पण संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिकडे वळण्यात अर्थ नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणेही बंद झाले आहे. त्यामुळे 'आम्ही घेतो आणि तुम्हाला देतो' असे कुणी म्हणाले तर हात जोडा.

लिहिण्याआधी जोडीदार शोधा

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी काम करायचे तर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आणि नॅब ही अंधांसाठीची संस्था यांच्याकडे अनुभव आहे. श्रवणबाधितांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अर्ज लिहून झाल्यावर पाठिंब्याचे पत्र मागायला जाऊ नका. आधी जा, त्यांना वर्गातली अडचण सांगा. तुमच्या उपायातला निम्मा भाग ते तिथेच खोडतील आणि बरे करतील.

आणि ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे त्यांच्यापैकी कुणीतरी सल्लागार गटात मानधनासह असू द्या. दिव्यांगांसाठीच्या प्रकल्पात एकही दिव्यांग व्यक्ती निर्णय घेणाऱ्यांत नाही, हे तपासणाऱ्याच्या नजरेला आता खटकते.

प्रस्ताव लिहिताना: एक नमुना जवळून

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचेच उदाहरण घेऊ. समजा कला शाखेत असे सात विद्यार्थी आहेत. ग्रंथालयात स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) असलेला संगणक आहे, एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचते, तरीही मुले तो वापरत नाहीत. का? विभागातल्या नोट्स श्रीलिपीत किंवा 'शिवाजी' फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो, आणि स्क्रीन रीडर तोच काला वाचून दाखवतो. उरलेल्या नोट्स म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून केलेले स्कॅन, ज्यात मजकूर नसतोच, फक्त चित्र असते.

यावरचा उपाय युनिकोडमध्ये रूपांतर हा आहे. रूपांतराची साधने फुकट मिळतात. पण जोडाक्षरे, रफार, 'ऱ्य' आणि तक्ते मोडतात, म्हणून प्रत्येक पान माणसाला तपासावे लागते. अर्थशास्त्रातला मागणी-पुरवठ्याचा आलेख असेल तर तो शब्दांत लिहावा लागतो किंवा बोटांना लागेल अशी उठावाची आकृती करावी लागते. आता खर्च कशावर होणार हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. संगणक आहेच, हवेत ते तास.

प्रस्तावाचा कणा असा ठेवावा: अडचण, तिचे कारण, आम्ही काय बदलणार, कोण करणार, कधी, किती खर्चात, आणि झाले की नाही हे कशावरून कळणार. दहा पानांच्या अर्जात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अर्धे पान पुरे. 'सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गट' ही धोरणातली संज्ञा एकदा वापरा, तुमचा गट तीत कसा बसतो ते सांगा आणि पुढे चला. महापुरुषांच्या नावांनी सुरू होणारा परिच्छेद गाळा. आदर कमी होत नाही, जागा वाचते.

उद्दिष्टे दोन किंवा तीन. 'जाणीवजागृती करणे' हे उद्दिष्ट लिहिण्याचा मोह टाळा, कारण ती झाली की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. 'तीन विषयांच्या सर्व नोट्स सत्र सुरू होण्याआधी वाचनीय स्वरूपात उपलब्ध करणे' हे सांगता येते.

प्रमुख अन्वेषक म्हणून बहुतेक ठिकाणी कायम सेवेतला प्राध्यापक लागतो. प्रत्यक्ष काम मात्र अनेकदा तासिका तत्त्वावरचे तरुण सहकारी करतात. त्यांचे नाव सह-अन्वेषक किंवा प्रकल्प सहायक म्हणून घाला आणि त्यांच्यासाठी मानधनाची ओळ ठेवा. फुकट राबवून घेतलेल्या माणसावर समावेशाचा प्रकल्प उभा करणे मला पटत नाही. शिवाय मोठ्या शिक्षणसंस्थांत मे-जूनला बदल्या होतात, तेव्हा प्रकल्प पुढे नेणारा दुसरा माणूस आधीच कागदावर असलेला बरा.

अंदाजपत्रक

वरच्याच उदाहरणासाठी एका वर्षाचा, ३ लाख रुपयांचा नमुना देतो. तुमच्या भागातल्या दरांप्रमाणे आकडे बदला.

- विद्यार्थी सहायक (टंकन, तपासणी): ६ जण × २,००० रु. × ८ महिने = ९६,०००
- विषयतज्ज्ञ व मुद्रितशोधन मानधन: ३०,०००
- उठावाच्या आकृत्या व साहित्य: ४५,०००
- प्राध्यापकांसाठी दोन कार्यशाळा: ४०,०००
- स्कॅनर व हेडफोन: ३८,०००
- प्रवास: १५,०००
- किरकोळ खर्च: १२,०००
- लेखापरीक्षण शुल्क: ९,०००
- संस्थेचा प्रशासकीय खर्च: १५,०००

मानधनाच्या ओळीवरच प्रश्न येतो. 'हे काम तर प्राध्यापकांचेच आहे ना?' त्यावर उत्तर गणितातच द्या: एका विषयाची ४०० पाने, तासाला सहा पाने, म्हणजे ६७ तास, असे तीन विषय. तास दाखवले की मानधन 'खिरापत' वाटत नाही. विद्यार्थी सहायकांत गरजू मुलांना प्राधान्य दिलेत तर कमवा व शिका योजनेशी ते जुळते. पण एकाच तासाचे पैसे दोन्हीकडून घेतले जाणार नाहीत, हे लिहून ठेवा.

लेखापरीक्षण शुल्क टाकायला बहुतेक जण विसरतात आणि शेवटी सी.ए.ची फी खिशातून जाते. वस्तूंच्या किमती कोटेशनवरून घ्या, त्यांत जीएसटी धरा. एकूण रकमेची बेरीज दोन वेगळ्या माणसांकडून करून घ्या. बेरीज चुकलेला अर्ज वाचणारा पुढच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने पाहतो.

सह्या, ठराव, मुदत

अर्जाची शेवटची तारीख ३० असेल तर तुमची तारीख २० धरा. प्राचार्य, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक, संस्थेचे सचिव अशा तीन सह्या आणि कधी महाविद्यालय विकास समितीचा ठराव लागतो, आणि यांतला कुणी ना कुणी त्या आठवड्यात बाहेरगावी असतोच. ऑनलाइन अर्जासाठीचा पासवर्ड महाविद्यालयाच्या एका जुन्या नोडल अधिकाऱ्याकडे असेल तर तो आजच मागून घ्या.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा धागा इथेच जोडून द्या. विद्यार्थ्यांच्या विविधतेची दखल आणि संस्थात्मक मूल्ये हे दोन्ही विषय नॅकच्या निकषांत येत आलेले आहेत. तुमचा प्रकल्प त्यांत कुठे बसतो हे एका ओळीत सांगितलेत तर प्राचार्यांची सही जरा लवकर होते.

पैसा आल्यानंतर

मंजुरीपत्र पूर्ण वाचा. अटी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतात: एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात किती टक्के वळवता येते, खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून करायची का, कोटेशने किती, अहवाल कोणत्या तारखेला. त्याची एक प्रत लेखापालाला आणि एक स्वतःच्या फायलीला लावा.

केंद्राच्या पैशासाठी पीएफएमएस (सरकारी निधीचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) नोंदणी लागते. अनुदान बँकेत पडून असताना त्यावर व्याज जमते. ते आपले नसते, परत करावे लागते. खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या १२-ए नमुन्यात द्यायचे असते. हे प्रमाणपत्र अडकले की पुढचा हप्ता अडकतो, आणि अनेकदा त्याच महाविद्यालयाचे दुसरे अर्जही अडकतात. विभागातल्या दुसऱ्या कुणाचे पाच वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र बाकी आहे का, हे अर्जाच्या आधीच विचारून घ्या.

फाइल रोजच्या रोज लावा. प्रत्येक व्हाउचरमागे तीन गोष्टी असाव्यात: बिल, कुणी कशासाठी मंजूर केले ती टिपणी, आणि पैसे पोहोचल्याचा पुरावा. मानधन बँकेतूनच द्या. नाइलाजाने रोखीने दिलेच आणि रक्कम ५,००० च्या वर असली तर पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्या. विद्यार्थी सहायकांच्या कामाच्या तासांची वही त्यांच्या सहीने ठेवा. लेखापरीक्षक बिलापेक्षा या वहीलाच जास्त वेळ देतो. वस्तू आली त्याच दिवशी डेडस्टॉकला नोंद आणि बिलावर पान क्रमांक.

मार्चची घाई करू नका. 'शिल्लक आहे तर एक प्रोजेक्टर घेऊन टाकू' हे वाक्य कानावर आले की मुदतवाढीचा अर्ज टाका. तो वेळेत आणि कारणासह दिला तर बऱ्याचदा मंजूर होतो.

मुलांची माहिती आणि मुलांचे फोटो

जात, दिव्यांगत्व, कुटुंबाचे उत्पन्न ही माहिती अर्जासाठी लागते, पण नावांसह यादी जोडायची गरज जवळपास कधीच नसते. संख्या द्या. यादी मागितलीच तर आधी लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ आल्यापासून हे सौजन्यावर सोडता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'दिव्यांग लाभार्थी यादी' फिरवणे तर आजच बंद करा.

फोटोंचेही तेच. देणगीदाराचा फलक, मधे साहेब, आणि पांढरी काठी हातात घेऊन उभी केलेली मुलगी असला फोटो अहवालात असलाच पाहिजे अशी कुणाचीही अट नसते. आपणच तो काढतो. त्याऐवजी उठावाच्या आकृतीवर फिरणाऱ्या बोटांचा फोटो द्या. काम त्यातही दिसते, आणि त्या मुलीला वर्षभर 'त्या फोटोतली' म्हणून वावरावे लागत नाही.

काम झाले हे कशावरून

उपस्थितांची संख्या आणि अभिप्राय फॉर्म यांना पुरावा म्हणू नका. ज्या रजिस्टरवरून गरज मांडली त्याच रजिस्टरमधला तोच आकडा वर्षानंतर पुन्हा काढा. नोट्स किती वेळा उतरवून घेतल्या गेल्या, चाचणीला कितीजण बसले, कितीजणांनी लेखनिकाशिवाय उत्तर लिहिले. सात विद्यार्थ्यांच्या गटावर टक्केवारी काढून '४३ टक्के वाढ' लिहिणे हास्यास्पद दिसते. तिथे सरळ 'सातपैकी पाच' लिहा. आणि एखादी गोष्ट चालली नसेल तर तेही लिहा. कार्यशाळेला वीस प्राध्यापक बोलावले आणि आठच आले असतील, तर का आले नाहीत हे सांगणारा अहवाल 'कार्यशाळा यशस्वीरीत्या संपन्न झाली' पेक्षा देणाऱ्याच्या जास्त कामाचा असतो.

नकार आला तर

शेरे मागा. बहुतेक ठिकाणी ते आपणहून कळवत नाहीत, पण नम्र ईमेल केला तर कधीकधी दोन ओळी मिळतात. 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा असेल तर तोच अर्ज पुढच्या वर्षी पाठवा. 'योजनेच्या कक्षेत बसत नाही' असा असेल तर तुम्ही चुकीच्या दारात उभे होता, दार बदला. 'खर्च अवास्तव' असेल तर तासांचे गणित पुन्हा मांडा. पुन्हा पाठवताना नव्या वर्षाच्या रजिस्टरमधले आकडे घाला, कोटेशने नव्याने घ्या आणि आधीच्या अर्जाचा क्रमांक सोबतच्या पत्रात लिहा. दरम्यान एका विषयाच्या एका घटकाच्या नोट्स विद्यापीठाच्या छोट्या निधीतून किंवा कमवा व शिका योजनेतल्या दोन मुलांच्या मदतीने युनिकोडमध्ये करून ठेवा. पुढच्या वेळी कंपनीच्या माणसासमोर लॅपटॉपवर ती फाइल उघडता येईल आणि स्क्रीन रीडर ती वाचून दाखवील.